आईच्या आठवणीची परीक्षा

आईच्या स्मरणशक्तीची परीक्षा घ्यायची टूम माझ्या भावाने काढली. दादा पुण्याला, मोठ्या कंपनीत. आई नाशिकला लागूनच, मखमलाबादच्या मळ्यात एकटी. आणि मी नाशिक शहरात, सासर आणि शाळा दोन्ही ओढणारी मास्तरीण. दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मळा आईच बघायची. शेवंती, झेंडू, कडेला मेथी-कोथिंबीर. एक दिवस ती विहिरीवरची मोटर चालू ठेवून बाजारात गेली आणि शेवंतीचं अख्खं वावर पाण्याखाली गेलं. पंधरा दिवसांनी रिकाम्या पाट्या घेऊन फुलबाजारात उभी राहिली. तोडलेली फुलं मळ्यातच राहिली होती. मीच हे दादाला फोनवर सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं.

दादाने ईमेल पाठवला. वयस्कर माणसांच्या मेंदूला व्यायाम देणारे खेळ, छापून घ्यायचे. कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेतून मी पंचवीस पानं छापून आणली. जोड्या लावा, फरक ओळखा, मिनिटभर चित्र बघा आणि त्यात काय काय होतं ते सांगा. दर रविवारी एक पान आणि मार्क मी त्याला कळवायचे, असं ठरलं. दिवाळीपर्यंत निम्म्याच्या वर मार्क गेले नाहीत, तर आई पुण्याला आणि मळा वाट्याने द्यायचा. त्याने हे आईला फोनवरच ऐकवलं.

"माझा मळा हाय. मी कुठं जात नाय," ती म्हणाली आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन मोकळी झाली.

रविवारी ती हात पुसून पडवीत बसायची. मी पान पुढे करायची. चित्रांत लोकरीचे हातमोजे, धुराडं असलेलं घर आणि टोपी घातलेला एक पांढरा गोळा.

"हे काय हाय?"

"बर्फाचा माणूस."

"आन त्याला इसरलं तर माझं काय बिघडंल?"

तिचं बरोबरच होतं. पण शाळेतली खोड हाताला लागलेली. लाल पेन काढून मी दहापैकी चार दिले. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दिवाळीत दादा आला आणि त्याने स्वतः पेपर घेतला. त्या पानावर घरच्या माणसांची नावं भरायची होती. मुलांची, सुनेची, जावयाची, नातवंडांची नावं तिने धडाधड सांगितली. मग दादाने पुढची ओळ वाचली, "जोडीदाराचं पूर्ण नाव."

आईने पदर पुढे ओढला.

"आई, आप्पांचं नाव सांग."

ती जमिनीकडे बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं, आजारी माणसाशी बोलतात तसं हळू. मग कागदावर फुली मारली. त्याचे डोळे भरून आले, माझेही आले. "चार दिवसांत घेऊन जातो तिला," असं म्हणून तो अंगणात गेला.

आई मागच्या दारी जाऊन फुलं निवडायला लागली. मी तिच्याजवळ बसले आणि रडू आवरेना.

"रडाया काय झालं?"

"आई, तू आप्पांचं नाव विसरलीस गं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की चाळिशी उलटलेली मी एकदम परकरी पोर झाले. "इसरले नाय मी. घेत नाय. जलमात कधी घेतलं का? आता पोरासमोर घेऊ?"

खरंच की! रेशनच्या दुकानात ती नुसतं कार्ड पुढे सरकवायची. मतदानाला तिथला माणूस यादीतलं नाव वाचायचा आणि ही मान हलवायची. लग्नाकार्यात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही बायकांच्या घोळक्यात. मी माझ्या नवऱ्याला गच्चीवरून नावाने हाका मारते. मला तो रिवाज पटत नाही, पटायचाही नाही. पण तो तिचा होता, आणि दोन शिकलेल्या मुलांनी मिळून त्याला आजार ठरवलं होतं. मला स्वतःचा भयंकर राग आला. तो मी दादावर काढला.

अंगणात जाऊन त्याच्या हातातला कागद घेतला आणि टराटरा फाडला.

"अगं, काय करतेस?"

"पेपर चुकीचा आहे. ती नाव विसरली नाही, घेत नाही. नवीन मी काढते."

वहीची पानं फाडून मी वीस प्रश्न लिहिले. उत्तरेच्या बांधाला वावर कोणाचं? शेवंतीच्या आधी त्या तुकड्यात काय होतं? मावशीच्या चार मुली कुठल्या कुठल्या गावी दिल्या? दोघांना पडवीत समोरासमोर बसवलं आणि तोंडी परीक्षा घेतली, आधी दादाची, उत्तर बरोबर की चूक ते न सांगता. मावशीच्या मुलींपैकी दादाला फक्त मनमाडची आठवली. आईला चौदा मार्क पडले. दादाला पाच, त्यातला एक मी दयेने दिलेला.

"आता सांग, कोणाला कुठं न्यायचं?"

तो हसला नाही. पण पुण्याला एकटाच परत गेला.

आईचे सहा प्रश्न का चुकले, हे मला कळत नव्हतं असं नाही. मोटरीकडे लक्ष ठेवायला मी शेजारच्या मळ्यातल्या काकूंना सांगून ठेवलं. दर रविवारी नवे प्रश्न काढायची, कॅफेत मराठीत टाइप करून छापून आणायची. चौदाचे बारा झाले, बाराचे नऊ. दादाला मी चौदाच सांगत राहिले. धडधडीत खोटं बोलत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. तीन वर्षं आई तिच्या मळ्यात राहिली.

मग एका संक्रांतीला दादा आला. आई पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत होती. आता तो प्रश्न आमच्या घरात चिडवण्याचा झाला होता, म्हणून दादाने हसत विचारलं, "काय आई, आमच्या आप्पांचं नाव काय?"

आईने मान वर केली आणि सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खणखणीत, पदराला हातही न लावता, गावातल्या कोणा माणसाचं सांगावं तसं. आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

दादाचा चेहरा उजळला. "बघ! आडनावासकट! उगाच घाबरत होतो आपण. राहू दे तिला इथं एकटी, खुशाल राहू दे."

त्याच्या तोंडून हेच ऐकायला मी तीन वर्षं भांडले होते. पण मी आईच्या न हललेल्या पदराकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "आता ती एकटी राहायची नाही. आणि पुण्यालाही जायची नाही. मी येते इथं राहायला. माझ्या घरच्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

"अगं, पण उत्तर बरोबर आलं ना?"

"म्हणून तर."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो आईच्या शेजारी जमिनीवर बसला आणि मान खाली घालून शेंगा सोलू लागला. सोमवारपासून मी मळ्यातून शाळेला जाऊ लागले.