माळावरच्या तंबूतली नवी गोळी

आमच्या अणदुरात प्लेग शिरला, तेव्हा खंडोबा गावात नव्हता. दरसालच्या रिवाजाप्रमाणं देव नळदुर्गाला मुक्कामी गेला होता. निजामाच्या अमदानीतली ही गोष्ट. घरात उंदीर मरून पडू लागले तसं आम्ही शेतात झोपड्या घातल्या, तरी आठवड्याच्या आत माझ्या बायकोच्या, गिरजाच्या, काखेत गाठ आली. तापात ती मला ओळखेना. इतकी वर्षं एक रविवार देवाला चुकवला नाही आणि नेमक्या वेळी त्यानंच पाठ फिरवली, असं माझ्या मनानं घेतलं. तिला बैलगाडीत घालून मी नळदुर्गाला नेलं, पण देवळाकडं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

हैदराबादेहून आलेल्या सरकारी डॉक्टरांनी तिथं गावाबाहेर माळावर तंबू ठोकले होते. प्लेगवर नवी गोळी निघाली आहे, असं कानावर आलं होतं. तंबूबाहेर आजाऱ्यांची रांग लागलेली. आमच्यापुढं लोहारा गावाकडची एक धनगर म्हातारी होती. तिचा तरणा मुलगा मल्लू घोंगडीवर निजलेला. त्यांचा नंबर आला, कंपाउंडरनं आत बोलावलं. म्हातारीनं मुलाकडं पाहिलं, मग गिरजाकडं, आणि मला म्हणाली, "दोन दिसांनी आत्ताच डोळा लागलाय त्याचा. उठवू वाटंना. तुमी व्हा म्होरं."

मी तिला दोन शब्द चांगले बोलायलाही थांबलो नाही. गिरजाला उचललं आणि आत शिरलो.

पुढं दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. म्हातारी आणि मी मधल्या जागेत जमिनीवर बसून असायचो. तिनं आपल्या फडक्यातली ज्वारीची भाकरी मोडून मला दिली, मल्लूच्या लग्नाचं बोलणं कुठवर आलं होतं तेही सांगितलं. गिरजाला गोळ्या मिळत, मल्लूला दुसरं औषध. ज्याला जे लागतं ते देत असतील, असं आम्ही धरून चाललो. तिसऱ्या दिवशी सकाळी गिरजानं डोळे उघडून पाणी मागितलं. त्याच दिवशी, दुपारच्या उन्हात, मल्लू गेला.

न राहवून मी कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, येतील तसे एकाला नवी गोळी द्यायची, त्याच्या मागच्याला पहिल्यापासून चालत आलेलं औषध. गोळीनं खरंच गुण येतो की नाही, हे अजून डॉक्टरांनाही ठाऊक नाही; तेच ताडून पाहायचं आहे. ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढं ती रांग आली. म्हातारी आमच्या आधी आत गेली असती तर ती गोळी मल्लूच्या वाट्याला आली असती.

गप्प राहावं, असं मला फार वाटलं. कबूल करायला आजही लाज वाटते. पण ती घोंगडी झटकून घडी घालत होती, ते पाहवेना. जवळ जाऊन सगळं सांगितलं. "मावशी, ती गोळी तुमच्या मल्लूची होती," मी म्हणालो.

तिनं घडी पुरी केली. मग म्हणाली, "म्या कुठं गोळी दिली तुमाला? त्याची झोप मोडू न्हाय म्हनून थांबले. तेवढी झोप तरी भेटली लेकराला."

जाताना तिनं गिरजाच्या कपाळावर उलटा हात ठेवून ताप उतरल्याची खात्री केली, आणि मल्लूला नेणाऱ्या माणसांच्या मागं निघून गेली.

गिरजाला पुढं पुष्कळ वर्षं लाभली. गोळीनं, देवानं की त्या माउलीनं, याचा निवाडा करणारा मी कोण? घरात लेकरं हसली की मला ती म्हातारी आठवायची. तेव्हापासून देवाकडं अमकंच दे असं मागणं मला जमलं नाही. आपलं मागणं कुणाच्या ओंजळीतून आपल्यापर्यंत येतं, ते आपल्याला दिसत नसतं. म्हणून मी हात जोडतो आणि एवढंच म्हणतो : देवा, तुला द्यायचं ते दे, न्यायचं ते ने, ज्याचं नेशील त्याला सोसायचं बळ दे.