नारळावर ठेवलेला हात

नारळाचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि न थांबता पुढे गेलं.

"तुमचं राहू द्या, वहिनी. तुमच्यात देवाचं चालत नाही ना," सेक्रेटरी म्हणाले. आवाजात एवढी माया, की बाहेरच्याला वाटावं माझी काळजीच घेतायत. मग मान वळवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि तसंही, यांची मतं कुठे जातात ते आपल्याला काय नवीन आहे?"

सगळे हसले. मोठ्याने नाही. शिकलेली माणसं हसतात तसं, तोंडावर हात ठेवून. मी पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. माझ्या डाव्या बाजूच्या बाईने नारळाला हात लावला होता. उजव्या बाजूच्या बाईने लावला. मधे मी होते.

आमची सोसायटी वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीतून सातिवलीकडे निघालं की लागते. तीन विंगा, एक बोअरवेल, गेटजवळ गणपतीचं छोटं देऊळ. पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. बाकी टँकर. महापालिकेची निवडणूक आली आणि वॉर्डातून उभ्या राहिलेल्या एका भाऊंनी निरोप धाडला: नवीन लाइन टाकून देतो, पण मतं सगळी एकगठ्ठा पाहिजेत, एकही फुटता कामा नये. कमिटीने ठरवलं की प्रत्येक फ्लॅटमधून एकाने गणपतीसमोर नारळावर हात ठेवून शब्द द्यायचा. माझा नवरा कामावर होता. म्हणून मी गेले.

सेक्रेटरी तळकोकणातले. बँकेतून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. गाऱ्हाणं घालायला त्यांच्यासारखा माणूस नाही. नारळ सगळीकडे फिरवायचा आणि मग देवापुढे ठेवून गाऱ्हाणं, असं ठरलं होतं. ताट शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. आमचा सी-विंगचा चौथा मजला तेवढा सुटला.

इथे मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. पण सांगणार आहे.

मी उठले. "थांबा," म्हटलं. "मी पण याच सोसायटीत राहते."

आणि ताटापर्यंत जाऊन नारळावर हात ठेवला.

टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. सेक्रेटरींचा चेहरा खुलला, त्यांनी नारळ गणपतीच्या पायाशी ठेवला आणि सुरुवात केली:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या सोसायटीची सगळी लेकरां तुझ्या पायाशी जमलीत!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"भाऊक दिलेलो शब्द जो कोण मोडतलो, तेका तूच काय तां बघून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे. त्या सगळ्यांत मी. माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. आणि मला बरं वाटलं. ज्यांनी मला वगळलं त्यांनीच मला आत घेतलं, याचं बरं वाटलं. खुर्चीवर परत बसले तेव्हा डावीकडच्या बाईने माझ्या मांडीवर थोपटलं आणि मी तिच्याकडे बघून हसले.

आम्ही बौद्ध. गाव मंडणगडच्या बाजूला. आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे या बिल्डिंगमध्ये पहिली दोन वर्षं कुणाला काही कळलं नाही. संक्रांतीला वाणं आली, कोजागिरीचं दूध आलं. मग माझी आई आमच्याकडे राहायला आली. तिने लिफ्टमध्ये फोनवर मोठ्याने "जय भीम" म्हटलं आणि त्या वर्षीपासून वाणं चौथ्या मजल्यावर चढेनाशी झाली. नवऱ्याने आईला सांगितलं, "आई, लिफ्टमध्ये नेटवर्क नसतं, घरी येऊन बोलत जा." निळ्या कोटातला फोटो त्याने हॉलमधून उचलून आतल्या खोलीत लावला. म्हणाला, तिकडे उजेड चांगला येतो. मी त्याला स्टूल धरून दिलं.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो आला. नारळावर माझा हात, शेजारी सेक्रेटरी हात जोडून. खाली लिहिलेलं, "जात-धर्म विसरून एक परिवार!" त्यावर फुलं, हात, झेंडे. दुसऱ्या दिवशी तो भाऊंच्या प्रचारात फिरला. तिसऱ्या दिवशी विरारच्या विहारातल्या एका ताईने मला तो पाठवला. सोबत एक शब्दही नाही. नुसता फोटो.

मी नवऱ्याला म्हटलं, "आता काय करायचं?"

"काय करायचंय? नारळाला काय कळतं? आत कुठलं बटण दाबलंस कोण बघतंय? सगळे तेच करतात."

"मग शब्दाचं काय?"

"अगं, तू कुठे देव मानतेस? न मानलेल्या देवापुढचा शब्द तो. त्याला काय अर्थ?"

माणूस वाईट नाही माझा. घाबरलेला आहे. त्याने जन्मभर सगळीकडे असंच निभावलंय, समोर हो म्हणायचं आणि मागे आपलं करायचं. पण मला ते पटेना. देव मी मानत नाही हे खरं. पण शब्द देवाने दिला नव्हता, मी दिला होता. आई रोज सकाळी पंचशील म्हणते. मी चहाचं आधण ठेवता ठेवता तिच्यामागून म्हणत मोठी झाले. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्यात समोर कुठला देव असला तर आणि नसला तर, असं काही नाही.

म्हणजे झालं काय? भाऊंना मत दिलं, तर मी माझं मत नारळासोबत ताटात घालून दिलं. ज्या मतासाठी आमच्या माणसांनी आयुष्यं घातली, ते पाण्याच्या एका नळासाठी. आणि दुसरीकडे दिलं, तर मी खोटारडी. सेक्रेटरी म्हणणारच होते, बघा, यांच्या शब्दाला काय किंमत. घरी बसून मत दिलंच नाही, तरी शब्द मोडल्यासारखाच. इकडे आड तिकडे विहीर, आणि पाणी मात्र दोन्हीकडे नाही.

मी सातिवलीला एका युनिटमध्ये कामाला आहे. कुकरच्या रबरी रिंगा बनतात तिथे. माझं काम तपासायचं. रिंग ताणायची, उजेडात धरायची, भेग बघायची, खोकं भरलं की त्यावर माझा शिक्का. माझ्या नंबरचा. ट्रक उभा असला की सुपरवायझर ओरडतो, "मॅडम, मार दो ना, गाडी खडी है!" मी नाही मारत. नऊ वर्षांत न बघितलेल्या खोक्यावर माझा शिक्का नाही. मालकसुद्धा म्हणतो, इस औरत का ठप्पा मतलब ठप्पा.

त्या आठवड्यात एका दुपारी शिक्का हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. शाई वाळत होती. बाजूची मुलगी म्हणाली, "काय झालं, दीदी?" काही नाही म्हटलं. तिला काय सांगणार, की मी एक खोकं न उघडताच शिक्का मारून बसलेय. भाऊ कोण, काय करतो, आधी काय केलंय, काही न बघता. केवळ मला रांगेत घेतलं म्हणून.

आईला फोटोचं मी सांगितलं नव्हतं. तिला कळलंच. गच्चीवर सांडगे वाळत घालायला गेली तेव्हा कुणीतरी कौतुकाने दाखवला, "आजी, तुमची मुलगी बघा, किती मॉडर्न." ती खाली आली. खुर्चीत बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"तुला हाकलली व्हती का गो?" तिने विचारलं.

"नाही. वगळली होती."

"मंग तू घुसलीस."

मी रडायला लागले. आईने मग मला तिच्या वडिलांचं सांगितलं. हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं. गावात खोताच्या अंगणात निवडणुकीआधी वाडीतल्या माणसांना बोलवायचे. वरच्या पडवीत खोत, खाली मातीत आमची माणसं. वाडीच्या वतीने आजोबा शब्द द्यायचे. खोत म्हणेल तिथे सगळ्या वाडीने शिक्का मारायचा. आजोबांना ते पटायचं नाही, पण दिलेला शब्द मोडवायचाही नाही. असं करत करत म्हातारे झाले. एके वर्षी बोलावणं आलं तेव्हा ते अंगणात गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, यापुढे वाडीचा शब्द मी देणार नाही, ज्याचं मत त्याला विचारा. परत आले. त्या वर्षी खोताच्या आगरात कुणाला काम मिळालं नाही.

"पर लपून नाय क्येलं त्यानं," आई म्हणाली. "जिथं सबुद दिला तिथंच जाऊन टाकला. तुजा सबुद त्या नारळावर पडलाय ना? मंग तिथं जा आनि मागं घेऊन ये. हितं बसून माज्यासमोर रडून काय व्हनार?"

मतदानाच्या आधीच्या रविवारी भाऊ स्वतः आले. तेच पार्किंग, त्याच खुर्च्या. शाल, श्रीफळ, गुच्छ. नवऱ्याला मी आधी सांगितलं होतं. तो म्हणाला, "तुला काय करायचंय ते कर, पण मुलाला इथेच खाली खेळायचंय, हे लक्षात ठेव." तो माझ्याशेजारी बसला, पण खुर्ची जरा लांब ओढून.

सत्कार झाला. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "भाऊ, एक मतही इकडचं तिकडे होणार नाही. देवासमोर शब्द दिलाय आम्ही."

मी उठले. नवऱ्याने ओढणीचं टोक धरलं. मी ते सोडवून घेतलं.

"मला बोलायचंय," मी म्हटलं. "त्या दिवशी मी नारळावर हात ठेवला होता. तो शब्द मी परत घेते. मी कुणाला मत देणार ते तुम्हाला सांगणार नाही. भाऊंना देईन किंवा देणार नाही. पण शब्द दिलेला नाही, असं समजा."

भाऊ हसले. त्यांना सवय असते. "ताई, काही नाराजी आहे का? पाण्याचं बघतोय ना आपण."

"पाणी तुम्ही घरून आणणार आहात का, भाऊ? महापालिकेचं आहे. कर आम्ही भरतो. त्यासाठी देवाला कशाला मधे घालता?"

"वहिनी, हे राजकारण नाहीये, ही श्रद्धा आहे," सेक्रेटरी म्हणाले. आवाजातली माया आता गेली होती.

"असू दे की. माझी पण श्रद्धा आहे. माझ्यात शब्द खोटा करत नाहीत. मला गपचूप दुसरं बटण दाबता आलं असतं. तसं करायचं नाही म्हणून सांगायला आले."

"देवापुढचा शब्द असा परत घेता येत नाही."

"मी दिला होता. मीच घेते."

मागून एक आवाज आला, "म्हणूनच यांना घेत नव्हतो." कुणाचा ते मी बघितलं नाही. ओळखीचाच होता.

मी खाली बसले नाही. जिना चढून घरी आले. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टमध्ये कुणी भेटायला नको होतं. वर येऊन दार लावलं आणि मोरीत उभी राहून रडले. धीट वगैरे काही वाटत नव्हतं. या घरातून आपल्याला आता कुठेच जाता येणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

ते खरंही आहे. फ्लॅट विकून कुठे जाणार? सगळीकडे एक पार्किंग असतं आणि त्यात एक सेक्रेटरी असतो. ग्रुपमधून मला काढलं. मुलाला क्रिकेटमध्ये फक्त फिल्डिंग मिळते. पाणी कमी आलं की जिन्यात कुणीतरी म्हणतं, "जा, चौथ्या मजल्याला विचारा." नवरा दहा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या मजल्यावरच्या देसाई वहिनी एकदा दार ढकलून आत आल्या आणि कुजबुजल्या, "बरं केलंस हो. माझ्या पण मनात तेच होतं." मी म्हटलं, "मग मनातच का ठेवलंत?" त्या आल्या तशा गेल्या. त्यांचं चुकलं असं नाही. त्यांनाही इथेच राहायचंय.

मतदानाच्या दिवशी आई माझ्यासोबत शाळेच्या फाटकापर्यंत आली. तिचं नाव अजून गावच्या यादीत आहे. बाहेर टेबल टाकून सेक्रेटरी बसले होते, फ्लॅट नंबरवर खुणा करत. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. आत गेले, बोटाला शाई लावून घेतली, पडद्यामागे सगळी नावं वाचली. सावकाश वाचली. मग बटण दाबलं. कुठलं ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

नारळाला हात लावला नसता तर मी सुटले असते, असं पूर्वी वाटायचं. आता तसं वाटत नाही. त्यांनी मला वगळलं तेव्हा माझा नकारसुद्धा त्यांनीच परस्पर देऊन टाकला होता. तो माझा नव्हताच.

पुढच्या निवडणुकीला ताट पुन्हा निघेल. भाऊ वेगळा असेल, नारळ तसाच असेल. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. ताट माझ्यासमोर आलं की थांबलं पाहिजे. पुढे नेऊ लागले तर मी कड धरून थांबवीन. सगळ्यांसमोर मला विचारायला लावीन. आणि मग नाही म्हणेन.