कोटकाकांचा वाकडा टाका

कोटकाकांनी आयुष्यभर कोटच शिवले. शिवण अशी सरळ, की पट्टीलाही लाज वाटावी. कोटातला माणूस उभा राहतो, फार तर खुर्चीत बसतो. पाय उचलून डोक्यावर ठेवत नाही. त्यांची पुतणी ठेवायची. संध्याकाळी पाचला जिम्नॅस्टिक्सच्या संघाची निवड होती आणि तिचा एकुलता एक ड्रेस कुशीत उसवला होता.

काकांनी तो सकाळीच शिवून दिला, कोटासारखा घट्ट. पुतणीने तो अंगात घातला आणि मागे वाकून कमान टाकली. टाके कटाकट तुटले. काकांनी त्याच रेषेवर दुहेरी शिवण मारली.

"आता हत्ती बसला तरी उसवणार नाही."

"काका, मला बसायचं नाहीये, वाकायचंय," म्हणत ती वाकली. या खेपेला टाक्यांच्या दोन्ही रांगा तुटल्या.

काकू मटार सोलत होत्या. "अहो, कापड ताणलं जातं, दोरा नाही. तुमच्यासारखाच आहे तो. वाकडा टाका घाला, म्हणजे लांब व्हायला त्याच्याकडे काही शिल्लक राहील."

"मी? वाकडा टाका?"

"माझ्यासाठी कधी वाकला नाहीत. पोरीसाठी वाका."

दुपार कलली होती. काकांनी जुने टाके उसवले, दोऱ्याचा ताण सैल केला, मशीन झिगझॅगवर ठेवलं. निळं कापड सुईखालून पाण्यासारखं वाहू लागलं. त्यावर पांढरा दोरा डावीकडे, उजवीकडे, कुठेच पोचायचं नसल्यासारखा डुलत निघाला. काकांचे डोळे जड झाले. त्या पाण्यावर त्यांची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तरंगत आली, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, ताठ. मग एका जाड्या बँक मॅनेजरने हळूच हात वर केले आणि आळस दिला. त्याचं बघून सगळेच आळोखेपिळोखे देऊ लागले. एकाचाही कोट फाटला नाही.

"झोपलात की काय?"

"शिवतोय."

"डोळे मिटून?"

"जरा जागा करून देतोय लोकांना."

शिवण संपली. काकांनी दोन्ही टोकं धरून ओढली. नागमोडी दोरा उलगडत जवळजवळ सरळ झाला. सोडल्यावर पुन्हा दुमडून आपल्या जागी गेला. काकांनी ती दहा वेळा ओढली. अकराव्यांदा काकूंनी ड्रेस काढून घेतला.

पाच वाजता पुतणी धावली, उलटली, तिने कमान टाकली. बाकावर काका डोळे गच्च मिटून नुसते ऐकत होते. काहीच तुटल्याचं ऐकू आलं नाही.

"उघडा आता," काकू म्हणाल्या. "घेतलं तिला."

निवडलेल्या मुलींच्या रांगेत पुतणी उभी होती, दोन्ही हात वर करून उगाचच ताणत. काका तिच्या ड्रेसच्या कुशीकडे बघत राहिले. तिथे शिवण सावकाश लांबत होती.