सोबत म्हणजे झाडापर्यंत

मायी सून रीता वडश्याची, शहरातली. बारावी शिकलेली, तोंडानं फटकळ, अन् पोळ्या जाळण्यात एक नंबर. तीन वर्षांमागं वनखात्यानं गावात बायांले शिकवाले माणूस शोधला, जंगलात वाघापासून कसं वाचायचं ते. हिनं अर्ज टाकला. म्या म्हटलं, "घरचं काम कोण करन?" तर माया सुरेंद्र म्हणते, "आई, तू करजो ना." असा माया पोरगा, बायकोचा बैल!

पहिल्या सभेत रीतानं साहेबाचा कागद वाचला. अधिवास, संवेदनशील क्षेत्र, दक्षता, काय काय. बाया पेंगत होत्या. पत्रूची बायको मधातच इचारते, "चहा कवा भेटन वो?" घरी येऊन रीता ढसाढसा रडली. म्या म्हटलं, "तो कागद चुलीत टाक. मायासंगं भांडते तेवा कागद वाचते काय?"

हे तिले लागलं. मंग तिनं बोलणंच बदलवलं. जंगलात आमी त्याचं नाव घेत नाई, जनावर म्हणतो. तर तेही जनावर म्हणाले लागली. बुढ्यांजवळ बसून म्हणे, "बाई, मोहफूल वेचाले आपण वाकलो की चार पायाचे दिसतो. त्याले काय मालूम हे माणूस आहे म्हणून?" पोट्ट्यांसमोर स्वतःच चार पायावर रांगे, गुरगुरे. गोंडाच्या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, जाऊन तिथल्या सुकरीकडून गोंडी शिकून आली, अर्धीमुर्धी बोले, बाया हासत अन् ऐकत. शेवटी इचारे, "जंगलात कसं जायचं?" आमी शाळेतल्यासारख्या ओरडत होतो, "सोबत!" साहेबानं तिचा सत्कार केला. म्या वरून नाक मुरडलं, पण खोटं काऊन बोलू, छाती फुगली होती.

अन् आमी सोबतच जात होतो. पहाटे मोहल्ल्यातल्या साऱ्या बाया एका रांगेत, बॅटऱ्या घेऊन, गप्पा मारत. जंगल लागलं की जिचं तिचं झाड. आमच्याकडं मोहाचं झाड घराण्याचं असते. सासूचं सुनेले येते. दुसरीच्या झाडाखाली कोणी टोपली ठेवत नाई, तशी चालच नाई. मायं नाल्याजवळ. हरिदासच्या बायकोचं, जयाचं, तिथून दोनशे पावलं पुढं, बांबूच्या आड. चैताच्या सुरवातीले, एका मंगळवारी, आमी दोघी नाल्यापर्यंत सोबत गेलो. जया म्हणे, "बाई, आज फूल भल्लं पडलं असन." अन् गेली. म्या वेचत बसली. ओरडणं नाई, काही नाई. उजाडल्यावर हाक मारली तर ओ आली नाई. जाऊन पाह्यलं तर टोपली उलटी पडली होती. त्याच्या पुढचं म्या सांगत नाई.

दुपारी रीता मायासमोर येऊन बसली. तोंड पांढरंफटक.

"आई, तुमी सोबत होत्या ना?"

"होतो ना."

"मंग?"

"मंग काय? तिचं झाड तिकडं."

तिनं डोक्यावर हात मारून घेतला. "मले वाटे, तुमाले सारं समजलं. तुमच्यासारखं बोलाले शिकली वो म्या, पण झाड कोणाचं असते हे कवा इचारलंच नाई. आमच्या वडश्याले कुठं मोह होते? तीन वर्षं म्या तुमाले रस्ताच शिकवला, झाडाखालचं नाई."

म्या तिले जवळ घ्याले पायजे होतं. म्या म्हटलं, "आता रडून काय होते?" अन् उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं सभा बोलावली. म्हणे, एक झाड साऱ्यांनी मिळून वेचा, मंग दुसरं, अन् फूल वाटून घ्या. दोघी उभ्या राहा, बाकीच्या वेचा. पयलेच एक बाई बोलली, "मायं झाड म्या दुसरीले वेचू देणार नाई. मायी सासू मरताना देऊन गेली मले." ते बाई मीच होतो. माया मागं साऱ्या बोलाले लागल्या.

जनावर तिथंच फिरत होतं. पाचव्या दिवशी जयाच्या पोरीनं, दिव्यानीनं, टोपली काढली. एकोणीस वर्षांची पोट्टी. फूल सडून राह्यलं म्हणे. रीता तिच्या दारात गेली. आधी साहेबासारखं समजावलं, मंग गोडीनं, मंग रागावली, मंग पाया पडाले लागली. दिव्यानी शांतपणे म्हणते, "वहिनी, आई तुमचं सारं ऐकत होती."

बापा!

सकाळी रीता काठी घेऊन तिच्यासंगं गेली. दिव्यानी वेचे, हे पाठीले पाठ लावून उभी. दर थोड्या वेळानं माया नावानं ओरडे, "आई, ओऽ!" म्या माया झाडाखालून ओ देत होतो. दहावेळा दिली. मंग मायं टाळकं सरकलं. आता सून मले माया झाडाखाली शिकवन काय? अकराव्या हाकेले म्या तोंड उघडलं नाई. बाराव्याले नाई.

बांबू मोडत कोणी पळत आलं. रीता होती, काठी हातातून पडलेली, अनवाणी. मले धडधाकट वेचताना पाह्यलं अन् उभीच राह्यली. मंग दोघीले एकदमच ध्यानात आलं. दिव्यानी एकटी होती.

"दिव्यानीऽऽ!"

काही नाई. आमी दोघी तशाच पळालो. माया पायात काटे गेले, गुडघे फुटले, मले मालूम नाई. देवा, माया हट्टापायी या पोरीले नेऊ नको, इतकंच तोंडात होतं.

दिव्यानी झाडाखाली बसून होती. डोक्याले बांधलेला आईचा दुपट्टा तोंडात कोंबून रडत होती, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. म्हणून ओ आली नव्हती.

रीता मायाकडं वळली. आठ वर्षांत तिनं मले कवा अगं-तुगं केलं नव्हतं. "तू मरशीन," म्हणे, "अन् हिले मारशीन. चाल, इथीच बस. तुयं फूल ढोरं खाऊ दे." इतकं बोलून तिचा आवाज बसला. नुसती हवा निघे गळ्यातून.

म्या बसली. दुसरीच्या झाडाखाली, जन्मात पहिल्यांदा. माया झाडाचं फूल तिकडं पडून राह्यलं.

रीता बाकी बायांले हाक मारून राह्यली होती, पण आवाज कुठी होता? मंग मीच उठली. मले शिकवता येत नाई, शिव्या येतात. जितक्या येत होत्या तितक्या देऊन एकेकीचं नाव घेतलं, "झाडं सोडा, भवान्यांनो, इकडं या!" सुकरीनं ओ दिली. कोलूच्या बायकोनं दिली. अजून दोघी-तिघींनी दिली. पत्रूच्या बायकोचं नाव म्या सातवेळा घेतलं, तिची ओ आली नाई.

रीतानं तिथंच पडलेली काठी उचलली अन् पत्रूच्या बायकोच्या झाडाकडं चालाले लागली. दिव्यानीचा हात धरून मी रीताच्या मागं गेली.