तिच्या वाटचं पाणी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते तांब्या भरायचं. माझ्या बायकोच्या, मालतीच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या. लघवी जवळजवळ बंद, म्हणून डॉक्टरांनी दिवसाला फक्त एक छोटा तांब्या पाणी सांगितलेलं. चहा, औषध, सगळं त्यातच. मी माठातून ओतायचो, ती काठाला बोट लावून बघायची. मी मोरीकडे निघालो की हसायची, "जा, माझ्या वाटचंही करून या."

शेवटचा तांब्या भरला त्याच दुपारी ती गेली. अग्नी देऊन आलो, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पाण्याचा घोटही उतरेना.

मी फारसा शिकलेला नाही. पण माणूस देवाकडे पैसा मागतो, पोरं मागतो, लघवी कुणी मागत नाही, एवढं मला कळलंय. मुठीएवढ्या किडन्या रात्रंदिवस आतली घाण गाळतात. किती ठेवायचं, किती सोडायचं, त्यांचं त्या बघतात. आपण नुसतं नाक मुरडतो. माठ पाझरतो म्हणून तर त्यातलं पाणी गार राहतं. माणसानं धरून ठेवलं की अंग सुजतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं तिचा तांब्या भरला गेला. ओतून द्यायला हात होईना. बसलो आणि सगळा प्यायलो. थोड्या वेळानं मोरीत गेलो. अंगानं आपलं काम चोख केलं.

"मालते," म्हटलं, "तुझ्या वाटचंही झालं गं."

मग कुठं डोळे वाहायला लागले. मी वाहू दिले.