गाइडमध्ये नसलेलं उत्तर

बूटपॉलिशचा वास आला की देवळाली कॅम्पमधलं आमचं क्वार्टर आठवतं. एमएला माझा विषय तत्त्वज्ञान होता आणि परीक्षा तोंडावर आली होती. माझे यजमान फौजेत हवालदार. त्या रविवारी ते बूट घासता घासता माझ्या गाइडमधले प्रश्न विचारत होते.

“सत्ता म्हणजे काय?”

पाठ केलेलं उत्तर काही केल्या आठवेना. रडकुंडीला येऊन मी म्हणाले, “आज सुट्टी आहे, साहेब इथं नाहीत, तरी तुम्ही बूट चमकवताय ना? हीच सत्ता!”

त्यांचा ब्रश थांबला. मग ते खदाखदा हसले. “अगं, हे त्या गाइडपेक्षा भारी आहे! पेपरात हेच लिही.”

मी तेच लिहिलं आणि त्या पेपरात पहिली आले. आता नाशकातली मुलं ज्या गाइडवरून हा विषय शिकतात, ते मी लिहिलंय.