आम्ही म्हैसूरला असताना लागलेला दिवा

आधीच सांगते, मी गणिताची शिक्षिका. गावाची राखण करणारा देवचार, अंगात येणं, शिमग्यातल्या खेळ्यांच्या रात्री कुणी हाक मारणं... ह्यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही. पण हा प्रसंग ज्यांनी पाहिला त्यांच्यातली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

गोवा मुक्त होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आम्ही मालवणात राहायचो, बंदरापासून पाच मिनिटांवर. माझे मिस्टर डॉक्टर. त्यांनी नुकतीच एक सेकंडहँड गाडी घेतली होती आणि तिला कुठे पळवू न् कुठे नको असं त्यांना झालं होतं. त्यांचा कॉलेजातला मित्र म्हैसूरला नोकरीला होता, दर पत्रात "कधी येताय?" म्हणून विचारायचा. शेवटी नाताळच्या सुट्टीत निघायचं ठरलं.

अडचण एकच — सासूबाई. मामंजी जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्या एका रात्रीसाठीसुद्धा घर सोडून गेल्या नव्हत्या. कारण काय, तर अंगणातल्या तुळशीपुढचा दिवा! त्या लग्न होऊन आल्यापासून तो एकाही संध्याकाळी चुकला नव्हता.

"दिवो चुकलो तर, गो? माझ्याकडे ह्यो एकच नेम उरलो आसा," त्या म्हणाल्या.

"दिवा चुकणार नाही, आई. माझी जबाबदारी," मी छातीठोकपणे सांगून टाकलं. शेजारच्या काशीला तेलाची भरलेली बाटली, वाती आणि काडेपेटी दिली. समोरच्या हसनचाचांना घरावर नजर ठेवायला सांगितलं. हसनचाचा म्हणजे गलबतावर जन्म काढलेले तांडेल, मामंजींचे जिवाभावाचे दोस्त. गुडघे धरल्यामुळे आता दिवसभर पडवीत खुर्ची टाकून बसायचे.

आंबोली घाटात गाडीला दोनदा पाणी पाजावं लागलं, पण बेळगाव-धारवाड करत दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत म्हैसूरला पोचलो. राजवाडा झाला, चामुंडीची टेकडी झाली. मित्राच्या बायकोने आग्रह करकरून वाढलं. सासूबाई सांबार चाखून माझ्या कानात, "आमटीत नारळ घालूक इसारली काय गो?" मजेत होत्या, नाही असं नाही. पण दिवेलागण झाली की हातातलं टाकून दाराशी जाऊन उभ्या राहायच्या.

वृंदावन गार्डनला गेलो त्या संध्याकाळी तर कारंज्यांवरचे सगळे दिवे एकदम लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई मात्र म्हणाल्या, "हयसर हजार दिवे, नि माझ्या वृंदावनात एक लागलो काय नाय कोण जाणा."

मी त्यांना घेऊन बाकावर बसले. बोलता बोलता मामंजींची आठवण निघाली. एकदा त्या टायफॉइडने अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा दिवा मामंजींनी लावला, तोही दक्षिणेकडे तोंड करून! दक्षिणेला दिवा यमासाठी लावतात, तुळशीपुढच्या दिव्याचं तोंड पूर्वेला हवं, एवढं पोरासोरांनाही ठाऊक. आणि मामंजी शाळेत भूगोल शिकवायचे...

"खिडकेतसून बघलंय नि तापातसून उठान बसलंय," सांगताना त्या पदराने डोळे पुसत हसत होत्या. "कोणाक सांगा नको हां. मास्तरांची अब्रू जायत." आजवर त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी आम्ही परत आलो. गाडीतून उतरतोय तोच काशी रडत माझ्यासमोर आली.

"वैनी, माका माफ करा. तुमी गेलास त्याच दुपारी वेंगुर्ल्याक जावक लागला. माझ्या चेडवाचा बाळंतपण. काल रात्री इलंय. दिवो लावूक जमला नाय..."

तिच्या हातात माझी बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. सासूबाई पायरीवर बसल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. नवऱ्यामागे त्यांनी जीव लावून धरलेली एकच गोष्ट, ती मी माझ्या हौसेपायी मोडली होती. मला तोंड वर करवेना.

तेवढ्यात काठी टेकत हसनचाचा आले. "लावूक नाय म्हंजे? रोज सांजेक दिवो होतो. मी पडवेतसून बघी होतंय. काशी, तुका एकच सांगूचा होता, दिव्याचा तोंड दक्षिणेक कित्याक करतस? तांडेलाक दिशा कळतत हां."

"मी नाय ओ चाचा! मी हय नव्हतंयच!"

मला वाटलं, म्हाताऱ्यानेच लावला असणार दोस्तासाठी. तसं विचारलंही. त्यांचा चेहरा उतरला. "वैनीच्या तुळशीक मी हात लावीन, बाय?"

मी तडक वृंदावनापाशी गेले. पणतीचं तोंड दक्षिणेला होतं. वात जळून काळी झालेली, दगडावर ओघळ. बोट लावलं तर बोटाला तेल लागलं. घरातल्या तेलाला तर कुलूप होतं आणि किल्ली आठही दिवस माझ्या पर्समध्ये होती.

सासूबाई मागून आल्या. पणतीकडे बघत उभ्या राहिल्या. आता ह्या कोसळतात की काय म्हणून मी त्यांचा दंड धरला. तर त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हसायलाच लागल्या, म्हैसूरला हसल्या होत्या तशाच. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"जन्मभर पोरांक नकाशे शिकवल्यानी," त्या म्हणाल्या, "नि अजून दिशा कळणा नाय!"

मे महिन्यात विजयदुर्गला जाऊया, असं त्या आपणहून म्हणाल्या. दोनच दिवस. हसनचाचा तेव्हा रत्नागिरीला लेकीकडे होते. मी काशीला तेल द्यायला निघाले तर सासूबाईंनी मला अडवलं. मी कुलूप लावत असताना त्या दाराला तोंड लावून आत कुणाला तरी सांगावं तशा बोलल्या, "पूर्वेक हां! सूर्य उगवता थंय!" मला हसू आवरेना.

परत आलो तेव्हा मात्र गाडी नीट थांबायच्या आधीच मी उतरले. पणतीचं तोंड पूर्वेला होतं. वात काळी, खाली तेलाचा ओला ओघळ.

इतकी वर्षं हे गणित मांडून बघतेय, सुटत नाही. कोणी लावला, मला माहीत नाही. सासूबाईंनी त्या दिवशी पणती उचलली, पदराने पुसली, आणि म्हणाल्या, "शिकले एकदाचे."